मदुराईत पायी, बाजारात आणि केळीच्या पानावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मदुराईला किती दिवस द्यावेत? आमच्या सहलीत तर अर्धाच दिवस आहे.

महाराष्ट्रातून निघणाऱ्या बहुतेक दक्षिण सहलींत मदुराई म्हणजे रामेश्वर आणि कन्याकुमारीच्या मधला थांबा. सकाळी बस उभी राहते, मीनाक्षीचं दर्शन होतं, जेवण होतं आणि बस पुढे निघते. एवढ्यात देऊळ दिसतं, शहर दिसत नाही. हे शहर पहाटे आणि रात्री जागं असतं. तमिळमध्ये त्याला ‘तूंगा नगरम्’, म्हणजे न झोपणारं शहर म्हणतात. दुपारी मात्र ते चक्क आडवं होतं, आणि सहलीच्या बस नेमक्या दुपारीच तिथे असतात.

म्हणून दोन रात्री तरी मुक्काम करा. दोन पहाटा आणि दोन संध्याकाळी मिळाल्या की देऊळ, बाजार, महाल आणि खाणं सगळं निवांत होतं. सहल कंपनीबरोबर जाणार असाल आणि वेळापत्रक बदलत नसेल, तर निदान रात्रीचं जेवण हॉटेलात न घेता बाहेर पडा.

कधी जावं?

डिसेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा मोसमी पाऊस असतो. आपल्याकडे पाऊस ओसरतो तेव्हा तिकडे सुरू होतो, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. शाळेच्या सुट्टीमुळे मेमध्येच जावं लागणार असेल, तर दुपारी बारा ते चार खोलीत राहायचं हे आधीच ठरवून टाका. देऊळही त्या वेळात बंदच असतं.

पोहोचायचं कसं?

विमानतळ शहरापासून साधारण बारा किलोमीटरवर आहे. मुंबई-पुण्याहून नागरकोइलकडे जाणाऱ्या काही रेल्वेगाड्या मदुराईवरून जातात, पण प्रवास लांबचा आहे. वेळ वाचवायचा असेल तर चेन्नईपर्यंत विमानाने जाऊन तिथून पांडियन एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास करा, सकाळी मदुराईत उतराल. दिवसा जायचं तर वैगई एक्स्प्रेस किंवा तेजस आहे. रेल्वेचं आरक्षण लवकर भरतं, विशेषतः पोंगलच्या आसपास, तेव्हा शक्यतो आधीच काढा.

राहायचं कुठे?

रेल्वे स्थानक आणि देऊळ यांच्या मधल्या पट्ट्यात. टाउन हॉल रोड आणि वेस्ट पेरुमाळ मेस्त्री स्ट्रीट इथे लॉजपासून बऱ्या हॉटेलांपर्यंत सगळं मिळतं, आणि देवळाचा पश्चिम दरवाजा चालत गाठता येतो. वैगई नदीच्या पलीकडची हॉटेलं मोठी आणि शांत आहेत, पण तिथून पहाटे पाच वाजता देवळाकडे चालत येणं होत नाही. मदुराईची निम्मी मजा याच चालण्यात आहे. आवाजाचा त्रास होणाऱ्यांनी मागच्या बाजूची खोली मागून घ्यावी.

सगळ्या रस्त्यांची नावं सारखीच वाटतात. वाट ओळखायची कशी?

खरं तर इतकं सोपं गणित दुसऱ्या शहरात क्वचितच सापडेल. मध्यभागी मीनाक्षी आणि सुंदरेश्वराचं, म्हणजे शिवाचं, देऊळ आणि त्याभोवती एकात एक बसलेले रस्त्यांचे चौकोन. सगळ्यात आतला आडी, तो देवळाच्या तटाच्या आतच आहे. त्याच्या बाहेर चित्तिरै, मग आवणि मूल, मग मासी. ही तमिळ महिन्यांची नावं आहेत, कारण त्या त्या महिन्यातल्या उत्सवाची मिरवणूक त्या त्या चौकोनातून फिरे. (आता चित्तिरै महिन्यातला मोठा रथ मासी रस्त्यांवरून फिरतो, त्यामुळे नाव आणि मिरवणूक यांचा मेळ पूर्वीसारखा राहिलेला नाही.) सगळ्यात बाहेरचा चौकोन वेळि, म्हणजे ‘बाहेरचा’.

प्रत्येक चौकोनाला चार बाजू, म्हणून प्रत्येक नाव चार वेळा येतं. पूर्वेला कीळ, पश्चिमेला मेल, उत्तरेला वडक्कु, दक्षिणेला तेर्कु. ‘मेल मासी वीदि’ म्हणजे मासी चौकोनाची पश्चिम बाजू. हे चार शब्द पाठ केले की नकाशाची गरज फारशी उरत नाही. वाट चुकलात तर गोपुराकडे चालत राहा, कधी ना कधी चित्तिरै रस्ता लागतोच.

वेळि रस्त्यांच्या जागी एके काळी किल्ल्याचा तट आणि खंदक होता. १८४० च्या दशकात कलेक्टर ब्लॅकबर्नने तो तट पाडून खंदक बुजवायला घेतला. जो खंदक बुजवेल त्याला ती जमीन, अशी योजना होती. हे काम पाहणाऱ्या दोघांची, मारट आणि पेरुमाळ मेस्त्री यांची नावं रस्त्यांना मिळाली. तुमचं हॉटेल बहुधा त्यांपैकीच एका रस्त्यावर असेल. खुद्द ब्लॅकबर्नच्या वाट्याला स्मारक म्हणून दिव्याचा खांब आला. त्या खांबावरून तो सगळा भाग विळक्कुतूण म्हणून ओळखला जातो. जुन्या तटाचा पूर्वेकडचा एक दरवाजा, वित्तवासल, अजून उभा आहे.

देवळात जाताना काय लक्षात ठेवावं?

मोबाइल आत नेता येत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये देवळाच्या एका मंडपात आग लागली, त्यानंतर न्यायालयाच्या आदेशाने ही बंदी आली. कॅमेराही चालत नाही. मोबाइल आणि चपला ठेवायला दरवाजांपाशी सोय आहे, पण सगळ्यात चांगलं म्हणजे दोन्ही हॉटेलात ठेवून यावं. सोबतची माणसं पांगली तर फोन लावता येणार नाही, म्हणून भेटायची जागा आधी ठरवा. सुवर्णकमळाच्या तळ्याच्या, म्हणजे पोट्रामरै कुळमच्या, पायऱ्या त्यासाठी उत्तम. हाफ पँट, बिनबाह्यांचे कपडे नकोत.

दुपारी साधारण साडेबारा ते चार दरवाजे बंद असतात. रीत अशी की आधी मीनाक्षी, मग सुंदरेश्वर. इथे मान देवीचा पहिला. गर्दी असेल तर विशेष दर्शनाचं तिकीट घ्यायला संकोच करू नका, वाचलेला तास मंडप पाहायला कामी येतो. हजार खांबांच्या मंडपात प्रत्यक्षात ९८५ खांब आहेत. चौदा गोपुरांपैकी दक्षिणेचं सर्वांत उंच, सुमारे ५२ मीटर, आणि ते संध्याकाळच्या उन्हात पाहावं.

एकदाच जाणार असाल तर रात्री जा. नऊच्या सुमारास सुंदरेश्वराला पालखीतून मीनाक्षीच्या शयनगृहात नेतात. वाद्यं, धूप, चवऱ्या, आणि बरोबर चालणारी रोजची माणसं. दिवसा रांगेत ढकलाढकली करणारं देऊळ या वेळी घरासारखं वाटतं. वेळ थोडी मागेपुढे होते, त्या दिवशी दरवाजावर विचारून घ्या.

बाजारात कुठे काय मिळतं?

जुन्या शहरात एकेका मालाची एकेक गल्ली आहे. तेर्कु आवणि मूल रस्त्यावर सोनार आहेत. दुकानांची रांगच्या रांग, आणि लग्नसराईत आत पाय ठेवायला जागा नसते. कीळ मासी रस्त्याकडे किराण्याचा घाऊक व्यापार चालतो: मिरच्या, चिंच, डाळी, गुळाच्या ढेपा. सकाळी इथे हातगाड्या आणि हमालांची घाई असते. फोटो काढा, पण कडेला उभं राहून. विळक्कुतूणच्या बाजूला कापडाचा बाजार आहे, आणि दिवाळीआधी तिथली गर्दी आपल्या लक्ष्मी रोडलाही लाजवेल. तिथूनच जवळ वेंगलकडै गल्ली, म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांची. इडलीपात्रं, आप्पेपात्रं, समया, फिल्टर कॉफीचे डबरे-पेले हे सगळं इथे वजनावर मिळतं, आणि देवळासमोरच्या शोभेच्या दुकानांपेक्षा वाजवी पडतं. आमच्या मते मदुराईहून आणायची खरी वस्तू म्हणजे पितळी कॉफी फिल्टर. स्टीलचा कुठेही मिळतो.

भाजी आणि फुलांचा मोठा बाजार मात्र जुन्या शहरात नाही. तो माट्टुतावणीला, बसस्थानकाच्या परिसरात आहे.

पूर्व दरवाजासमोरच्या मंडपात शिंप्यांची दुकानं आहेत ना?

होती. हा पुदु मंडपम मदुराईचा राजा तिरुमलै नायक याने सतराव्या शतकात बांधला. कोरीव खांबांच्या मधोमध शिवणयंत्रं, वह्या-पुस्तकं, भांडी, बांगड्या अशी दुकानं वर्षानुवर्षं होती. दगडी मूर्तीच्या कुशीत बसलेला शिंपी हे चित्र जुन्या प्रवासवर्णनांत हमखास सापडतं. आता ती दुकानं जवळच्या कुन्नत्तूर चत्रम इमारतीत हलवली आहेत. खांबांच्या दृष्टीने झालं ते बरं झालं, पण मजा थोडी कमी झाली हे खरं. ब्लाउज किंवा सदरा काही तासांत शिवून देणारे शिंपी नव्या जागेतही आहेत. सकाळी माप द्या, संध्याकाळी घ्या.

सुंगुडी साडी अस्सल कशी ओळखायची?

सुंगुडी म्हणजे सुती साडीवर दोऱ्याच्या गाठी बांधून रंगवलेले ठिपके. तिला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारात सुंगुडी म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच साड्यांवरचे ठिपके आता छापलेले असतात. त्या वाईट नसतात, उन्हाळ्यात नेसायला छान असतात, फक्त किंमत छापील कापडाची द्यावी.

गाठीचा ठिपका हाताला किंचित उंच लागतो, कापड तिथे चुरगळलेलं असतं. दोन ठिपके तंतोतंत सारखे नसतात, आणि साडी उलटी केली तरी ठिपका तितकाच स्पष्ट दिसतो. अगदी एकसारख्या रांगा आणि मागून फिकट ठिपके दिसले तर ते छापकाम. पहिल्या एक-दोन धुण्यांत रंग जातो, वेगळी धुवा. घासाघीस नको असेल तर को-ऑप्टेक्सच्या, म्हणजे हातमाग विणकरांच्या सहकारी संस्थेच्या, दुकानात जा.

ही साडी करणारे लोक मराठीसारखं बोलतात असं ऐकलं. खरं का?

सुंगुडीची कला सौराष्ट्र समाजाची. रेशीम विणणारे म्हणून तमिळमध्ये त्यांना पट्टुनूलकारर म्हणतात. काही शतकांपूर्वी पश्चिमेकडून, मजल दरमजल करत ते दक्षिणेत आले आणि नायक राजांच्या काळात मदुराईत स्थिरावले. घरात ते अजून सौराष्ट्री बोलतात. तिच्यात गुजरातीबरोबर मराठी-कोकणीचे ठसे आहेत, म्हणून मराठी कानाला मध्येच एखादा शब्द ओळखीचा वाटतो. पूर्ण वाक्य कळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. ‘आम्ही महाराष्ट्रातून आलो’ म्हटलं की या गल्ल्यांत गप्पा पटकन सुरू होतात. तमिळ चित्रपटांचे नामवंत पार्श्वगायक टी. एम. सौंदरराजन याच समाजातले, मदुराईचेच.

त्यांची जुनी वस्ती तिरुमलै नायक्कर महालाच्या आसपास आहे, त्यामुळे दोन्ही एकाच फेरीत पाहा. महाल १६३६ चा. आज उभा आहे तो मूळ वाड्याचा जेमतेम चौथा हिस्सा. तिरुमलैच्या नातवाने, चोक्कनाथ नायकाने, राजधानी तिरुचिरापल्लीला नेताना बराचसा भाग मोडून नेला. उरलेला भाग एकोणिसाव्या शतकात मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड नेपियरने दुरुस्त करून घेतला. चौकात उभं राहून ते प्रचंड पांढरे खांब पाहिले की मूळ वाड्याचा आवाका कळतो. संध्याकाळी इथे प्रकाश-ध्वनी कार्यक्रम असतो. आम्हाला तो जुन्या धाटणीचा वाटतो, पण दिव्यांत उजळलेले खांब पाहण्यासाठी जायला हरकत नाही.

मोगऱ्याचे गजरे कुठून घ्यावेत?

मदुराई मल्लि म्हणजे मोगराच, पण पाकळी जाड आणि वास जास्त टिकणारा. तिला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माट्टुतावणीच्या फुलबाजारात पहाटे जा: पोत्यांचे ढीग, लिलावाच्या आरोळ्या, आणि नाकात वास इतका भरतो की थोड्या वेळाने तो जाणवेनासा होतो. तिथे फुलं किलोवर विकतात. एक-दोन गजरेच हवे असतील तर चित्तिरै रस्त्यावरच्या बायकांकडून घ्या. त्या हाताने मोजून देतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक ‘मुळम’. मिटलेल्या कळ्यांचा गजरा घ्या, संध्याकाळी तो डोक्यात उमलतो. लग्नाच्या मुहूर्ताला भाव कुठल्या कुठे जातो. अशा दिवशी हौस आवरा.

आम्ही शाकाहारी आहोत. खायची पंचाईत होईल का?

मुळीच नाही. सकाळी इडली, पोंगल, वडा. इडली इथे तांदळाच्या वाफाळत्या लोण्यासारखी मऊ असते, आणि तिच्याभोवती तीन-चार चटण्या. मोळगापोडीवर, म्हणजे मिरची-डाळीच्या कोरड्या चटणीवर, तिळाचं तेल ओतून घ्यायला विसरू नका. मुरुगन इडली शॉप हे नाव चेन्नईत आणि परदेशातही पोहोचलं, पण मूळ मदुराईचं. मेल मासी रस्त्यावर ते आहे. कुळि पणियारम म्हणजे आपले आप्पे, गोड आणि तिखट दोन्ही. संध्याकाळी हातगाडीवर मिळतात.

दुपारी केळीच्या पानावरचं जेवण. पानावर पाणी शिंपडून ते पुसून घ्यायचं, भाज्या आधी येतात, मग भाताचा डोंगर. त्यावर पहिल्यांदा सांबार, मग वत्तकुळंबु, म्हणजे चिंचेचं आंबट कालवण, मग रसम, शेवटी ताक. मराठी माणूस सांबारावरच पोट भरून घेतो आणि रसमला जागा उरत नाही. भात बेताने घ्या, वाढणारा पुन्हा येतोच. पुरे झालं की ‘पोदुम’ म्हणा. पोळी-चपातीचा हट्ट असेल तर टाउन हॉल रोडवर उत्तर भारतीय जेवण मिळतं, पण त्यासाठी एवढ्या लांब कशाला यायचं?

जैन पद्धतीचं हवं असेल तर ‘वेंगायम, पूंडु वेंडाम’, म्हणजे कांदा-लसूण नको, असं सांगा. सांबारात कांदा असणारच, तिथे दही-भात सुरक्षित.

आणि मांसाहारी?

मग तर मदुराई तुमचीच. कोनार मेसचं करी डोसै आधी खा: जाड डोसा, त्यावर अंड्याचा थर, त्यावर मटणाचा सुका मसाला, आणि सगळं उलटून तव्यावर दाबून भाजलेलं. एक दोघांना पुरतं. हे संध्याकाळनंतरचं खाणं. दुपारी अम्मा मेसमध्ये मासे आणि मटण. आयिरै नावाच्या इवल्याशा गोड्या पाण्यातल्या माशांचं कालवण हे या भागाचं वैशिष्ट्य. मटण चुक्का आणि कोळा उरुंडै, म्हणजे खिम्याचे तळलेले गोळे, जवळजवळ सगळ्या मेसमध्ये मिळतात.

रात्री परोटा. मैद्याचा, पदरांचा, आणि वर पातळ रस्सा, ज्याला साल्ना म्हणतात. बन परोटा फुगीर आणि लुसलुशीत, कोत्तु परोटा तव्यावर लोखंडी पत्र्यांनी ठोकून बारीक केलेला. तो ठकठकाट दोन गल्ल्या पलीकडून ऐकू येतो, पत्ता विचारावा लागत नाही. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवा, साल्ना बहुधा मटणाचा किंवा कोंबडीचा असतो.

जिगरठंडा म्हणजे नक्की काय?

आटवलेलं थंड दूध, भिजवून फुगवलेला बदामाचा डिंक, नन्नारीचा म्हणजे आपल्याकडच्या अनंतमुळाच्या जातीच्या मुळांचा पाक, आणि वर आइस्क्रीमचा गोळा. फालुद्याचा चुलतभाऊ म्हणा, पण शेवया नाहीत. विळक्कुतूणजवळच्या कीळ मारट रस्त्यावरचं दुकान सगळ्यात नावाजलेलं. तिथे उभ्यानेच प्यायचं. जेवणानंतर मोठा पेला झेपत नाही, लहान घ्या.

त्याच्याहून आम्हाला आवडतं ते सरकीचं दूध, परुत्ति पाल. सरकी भिजवून, वाटून, गाळून निघालेलं दूध गूळ, सुंठ आणि ओल्या खोबऱ्याबरोबर शिजवतात. गरम, दाट, जरासं मातकट. हातगाड्यांवर मिळतं, आणि पाहुण्यांना त्याची कोणी फारशी शिफारस करत नाही, कारण दिसायला ते आकर्षक नाही. घ्याच. गोडात रेल्वे स्थानकाजवळचा प्रेमा विलासचा हलवा, पानावर गरम.

गांधीजींशी मदुराईचा काय संबंध?

२२ सप्टेंबर १९२१ रोजी गांधीजींनी सदरा-टोपी सोडून पंचा नेसायला सुरुवात केली ती मदुराईत, मेल मासी रस्त्यावरच्या घरात मुक्कामी असताना. त्या घरात आज खादीचं दुकान आहे. इडली खाऊन चालत जाता येईल इतकं जवळ, तरी सहलीच्या यादीत नसतं. नदीपलीकडे राणी मंगम्माळच्या जुन्या वाड्यात १९५९ मध्ये सुरू झालेलं गांधी संग्रहालय आहे, तिथे हत्येच्या वेळचं रक्ताचे डाग पडलेलं वस्त्र जपून ठेवलंय. ८ जुलै १९३९ ला स्वातंत्र्यसैनिक वैद्यनाथ अय्यर यांच्या पुढाकाराने दलितांनी मीनाक्षी मंदिरात प्रवेश केला. देवळात उभं असताना हेही आठवावं.

हिंदी चालते का?

मोठ्या हॉटेलांत आणि देवळाभोवतीच्या दुकानांत थोडीफार. बाजारात, रिक्षात मोडकं इंग्रजी जास्त उपयोगी. पुरुषांना अण्णा, बायकांना अक्का म्हणा, आपल्याला हे जड नाही. ‘एव्वळवु?’ म्हणजे किती, ‘वेंडाम’ म्हणजे नको. रिक्षाला मीटर चालत नाही असंच समजा: ॲपवरून बोलवा किंवा बसण्याआधी भाव ठरवा.

देवळाजवळ कोणी ‘वर गच्चीवरून गोपुरं फुकट दाखवतो’ म्हणाला तर गच्ची खरी असते, दृश्यही छान असतं, पण उतरताना वाट गालिच्यांच्या दुकानातून असते. घ्यायचं नसेल तर चहा घेण्याआधीच ‘वेंडाम’ म्हणा.

आजी-आजोबा बरोबर असतील तर?

चित्तिरै रस्त्यांवर वाहनं येत नाहीत, त्यामुळे चालणं सुरक्षित आहे, मात्र अनवाणी उन्हात फरशी भाजते. जाड मोजे घालू द्या आणि सकाळी लवकर जा. मंडपांत बसायला भरपूर जागा आहे.

चित्तिरै उत्सवात जावं का?

एप्रिल-मेमध्ये मीनाक्षीचं लग्न लागतं, रथ निघतो, आणि पौर्णिमेला कळ्ळळगर, म्हणजे अळगर कोविलचा विष्णू, घोड्यावर बसून वैगईत उतरतो. शैव आणि वैष्णव असे दोन वेगळे उत्सव तिरुमलै नायकाने एकत्र आणले, असं सांगतात. लाखोंची गर्दी, कडक ऊन आणि दुप्पट भाड्याच्या खोल्या सोसणार असाल तर जा. पहिल्यांदाच मदुराई पाहणाऱ्यांना आम्ही सुचवणार नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तैपूसमला वंडियूरच्या मोठ्या तळ्यात होणारा तेप्पोत्सव, म्हणजे देवाला तराफ्यातून फिरवण्याचा उत्सव, त्या मानाने सुसह्य.

एक दिवस जास्तीचा असेल तर?

कीळडीला जा. साधारण बारा किलोमीटर. तिथल्या उत्खननात विटांची बांधकामं आणि तमिळ-ब्राह्मी अक्षरं कोरलेली खापरं मिळाली. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने ही वस्ती इसवी सनापूर्वी सहाव्या शतकापर्यंत मागे नेली आहे. २०२३ मध्ये सुरू झालेलं संग्रहालय नेटकं आहे. परतताना तिरुप्परंकुंड्रम: मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, सहा स्थानांपैकी एक, डोंगरात कोरलेलं. किंवा दुसऱ्या दिशेला एकवीस किलोमीटरवर अळगर कोविल, जिथे प्रसाद म्हणून तुपात तळलेला जाडजूड, मिरीचा डोसा मिळतो. थंड झाल्यावरही खाता येतो, गाडीत बरोबर न्यायला बरा.

रात्रीच्या गाडीने परतायचंय, सामानाचं काय करावं?

हॉटेल सोडल्यावर बहुतेक ठिकाणी सामान संध्याकाळपर्यंत सांभाळतात, आधी विचारा. पितळी भांडी वर्तमानपत्रात बांधून मोठ्या बॅगेत तळाला ठेवा, आणि गाडीआधी तासभर मोकळा ठेवून स्थानकासमोरच्या गाड्यांवर इडली खाऊन घ्या. रात्री अकरालाही ती गरमच असते.